पारव्वाच्या नावाचे टायर

“म्हणजे आक्का, स्वस्तातले टायर घातले तर पाप लागतंय व्हय?”

बसगोंडा खोतांचा आवाज जरा चढलाच होता. मठ चालवणाऱ्या काशाक्का ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मी कुठं तसं म्हटलं?”

“म्हटलं न्हाई. पण गप्प बसलाय.”

“शेंगा सोलायचं काम गप्प बसूनच होतंय.”

बसगोंडांना हे उत्तर मानवलं नाही. गडहिंग्लजच्या बाजारात गुळाचा सौदा ते एका शब्दात मिटवतात. इथं घाट चढून शेवरवाडीच्या मठात आल्यापासून त्यांचं एकही वाक्य धड पुढं सरकलं नव्हतं.

टायर मठाच्या गाडीला घालायचे होते. ही गाडी म्हणजे एक जुनी, दणकट एसयूव्ही. वरच्या वाड्यांमध्ये कुणी आजारी पडलं, कुणाची बाळंतपणाची वेळ आली, की ती माणसाला घेऊन घाट उतरते आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचवते. चालवायला गुंडू, आक्कांचा शिष्य. गाडीच्या टायरांची नक्षी आता पार झिजली होती. नवे टायर बसगोंडा देणार होते, आईच्या स्मरणार्थ.

दुकानदारानं दोन प्रकार सांगितले होते. दोन्ही ‘ऑल सीझन’, म्हणजे बारमाही. स्वस्तातला आपला वेळ मारून नेणारा. महागातला ओल्या रस्त्यावर नीट पकड धरणारा आणि ब्रेक दाबला की लवकर थांबणारा. बसगोंडांनी गुंडूकडून सगळं समजून घेतलं आणि स्वस्तातला पसंत केला.

माणूस कंजूस नव्हे. पण आईसाठी म्हणून त्यांनी एक रक्कम बाजूला काढली होती, आणि ठरल्या रकमेच्या पुढं जायचं नाही हा त्यांचा व्यापारातला नेम होता. स्वस्तातले टायर घेतले, तर उरलेल्या पैशात गाडीच्या दोन्ही दारांवर आईचं नाव रंगवून होत होतं, वर मागच्या दाराला पितळी पाटी.

नाव घालण्याचं आमच्याकडं कुणाला नवल नाही. मठात बाकावर नाव आहे, पाण्याच्या टाकीवर आहे, पेल्यांच्या बुडालाही आहे. एका भक्तानं पंख्याच्या पात्यांवर वडिलांचं नाव घातलं, आणि पंखा फिरला की ते वाचता येत नाही म्हणून तो बंद ठेवायला सांगून गेला. आक्कांनी आजवर कुणाला नको म्हटलेलं नाही. पंखा मात्र चालू असतो.

“हिशोबानं बघा,” बसगोंडा ओट्यावर टेकत म्हणाले. “पाऊस चार महिने. उरलेलं वरीसभर रस्ता कोरडा. चार महिन्यांसाठी एवढे महागातले टायर कशाला?”

“आईला ह्याच गाडीतनं दवाखान्यात खाली नेलंस, तो महिना कुठला?”

बसगोंडांनी नजर घाटाकडं वळवली.

“… श्रावण.”

आक्कांनी पुढची शेंग उचलली.

“बरं,” बसगोंडा म्हणाले. “नेम मोडतो. महागातले टायर पण घालतो, आणि नाव पण घालतो. आता तरी झालं?”

आक्का शेंगा सोलतच राहिल्या. आता मात्र बसगोंडांचा आवाज उतरला. नाव त्यांना स्वतःसाठी नको होतं. लग्न होऊन खाली आल्यापासून आईला लोक खोतीण म्हणाले, नंतर बसगोंडाची आई म्हणाले, शेवटी नुसतीच म्हातारी म्हणाले. वडील तर ‘अगं ए’ म्हणूनच हाक मारायचे. तिचं नाव कुणी घेतलंच नाही.

“एकदा तरी चार लोकांनी वाचावं, आक्का. एवढंच.”

हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो. पैशाच्या माणसाला आपण फार लवकर निकालात काढतो.

आक्कांचे हात थांबले.

“पारव्वा,” त्या म्हणाल्या.

बसगोंडांनी चमकून वर पाहिलं.

“वाडीची लेक ती. माहेराला आली की पहिली मठात यायची. मी पारूच म्हणत होते तिला.”

आईला नावानं हाक मारणारं माणूस अजून जिवंत आहे, याची बसगोंडांना कल्पनाच नव्हती.

आक्कांनी पदरातली टरफलं झटकली. उठल्या. फणसाखाली गाडी उभी होती, तिचं मागचं दार त्यांनी उघडलं.

“बस.”

“कुठं जायचंय?”

“कुठं न्हाई. त्या दिवशी बसला होतास तिथं बस.”

बसगोंडा चढले आणि डाव्या खिडकीशी बसले. बसल्याबरोबर त्यांचे दोन्ही हात आपोआप मांडीवर गेले, मांडीवर कुणाचं तरी डोकं असावं तसे.

“त्या दिवशी दारावर कुणाचं नाव होतं?”

“… बघितलं न्हाई.”

“दार तर तूच उघडलंस.”

“आईकडं बघत होतो, आक्का.”

काही वर्षांमागं नागपंचमीला आईला माहेरी पोचवायला ते एसटीनं वर आले होते. पहाटे तिच्या छातीत कळ आली. धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. गुंडू गाडी घेऊन निघाला. अर्ध्या घाटात, दरीकडच्या वळणावर, धुक्यातून एकदम म्हैस पुढं आली. गुंडूनं ब्रेक दाबला. लाल चिखलावर गाडी जराशी सरकली … आणि थांबली.

बसगोंडांनी खिडकीतून खाली पाहिलं होतं. खाली रस्ता नव्हता.

तेवढ्या धक्क्यानं आईनं डोळे उघडले. “घर आलं का रं?” असं तिनं विचारलं. बसगोंडांनी “आलं” म्हणून सांगितलं. आयुष्यात त्यांनी इतकं मोठं खोटं दुसरं बोललेलं नव्हतं. पण ते खरं झालं. आई दवाखान्यातून घरी आली. नातीच्या लग्नात मिरवली, पंगतीत वाढायला उठली म्हणून सुनांची बोलणी खाल्ली. आणि या माघात, सकाळचा चहा पिऊन, आपल्या घरात, आपल्या खाटेवर गेली.

“तवा गाडी कुणी थांबवली?” आक्कांनी विचारलं.

“देवानं.”

“आणि?”

“गुंडूनं. त्याला धोतरजोडी दिली की मी. डॉक्टरांना पण विसरलो न्हाई.”

“आणि?”

बसगोंडांनी खिडकीतून वाकून खाली चाकाकडं पाहिलं. मग सावकाश गाडीतून उतरले आणि पुढच्या चाकापाशी गुडघ्यावर बसले.

“गुंडू, त्या दिवशी हेच टायर होते?”

“हेच, मालक. तवा नवे होते.”

“स्वस्तातले?”

“न्हाई. महागातले.”

झिजून गुळगुळीत झालेल्या त्या टायरवर बसगोंडांनी तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग तो हात डोळ्यांना लावला. पुढच्या दुसऱ्या चाकापाशी गेले, तिथंही तसंच केलं. मागच्या चाकांपाशीही. पांढऱ्या कपड्यांना माती लागली, गुडघ्यावर ऑइलचा डाग पडला. गूळबाजारात त्यांना या अवतारात पाहून लोक हसले असते. इथं कुणी हसलं नाही. गुंडूनं तर तोंड फिरवून डोळे पुसले.

मग बसगोंडा उठून गाडीभोवती फिरू लागले. दारं पाहिली, काचा पाहिल्या, मागं वाकून पाहिलं. बाकांवर, टाकीवर, पेल्यांवर नावं घालणाऱ्या त्या मठात या गाडीवर एक अक्षरही नव्हतं.

“कुणी दिले हुते हे टायर?” ते म्हणाले. “ज्यानं दिले, त्यानं मला आई दिली. नातीच्या लग्नातली आई दिली. आणि मी त्याला ओळखत पण न्हाई.”

आक्का फणसाच्या बुंध्याला टेकून उभ्या होत्या.

“गुंडू,” बसगोंडा म्हणाले, “आजच गाडी खाली घेऊन जा. महागातलेच घाल. जादाचं एक चाक असतंय, त्याला पण तसलाच.”

“घालतो, मालक.” गुंडू घुटमळला. “रंगारी पण दुकानापाशी येऊन थांबणार हाय. त्याला काय सांगू? नाव … पाटी …”

बसगोंडा त्याच्याकडं न बघताच वळले. ते आक्कांच्या समोर येऊन हात जोडून उभे राहिले. सौदा मिटवणारा आवाज कुठल्या कुठं गेला होता.

“आक्का, आधी मला त्या माणसाचं नाव सांगा. कुठल्या का गावचा असंना. गरीब असू दे, श्रीमंत असू दे. आजच जातो आणि त्याच्या पाया पडून येतो.”

गुंडूला नाव ठाऊक होतं. तो सांगायला पुढं झाला.

आक्कांनी हात वर करून त्याला थांबवलं.

…

“नाव सांगितलं,” आक्का म्हणाल्या, “तर तू एकाच्याच पाया पडशील.”