कोरीव चौकट

फार वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका गावात नवं चर्च उभं राहिलं. दाराच्या चौकटीला आपल्या जाडजूड कोरीव वेलींचा फार तोरा होता.

"ताई, वेली कापू दे, दार अरुंद झालंय," सुताराची करवत म्हणाली.

"तुला कापण्यावाचून काही सुचतं का गं?" चौकट फणकारली.

पहिल्याच दिवशी एक शवपेटी आली. पेटीच्या दोन्ही बाजूंचे खांदेकरी दारात अडकले.

"पेटी खाली ठेवून आत सरकवू," लोक म्हणाले.

"माझ्या दादाला जमिनीवरून ओढायचं नाही!" धाकटा भाऊ ओरडला. खांद्यावरची पेटी त्याने सोडली नाही. त्याचे हुंदके चौकटीला लागत होते.

"करवते, लवकर ये गं," ती म्हणाली.

सुताराने वेली कापल्या. दादा भावाच्या खांद्यावरूनच आत गेला, आणि मागून सगळं गाव एकमेकांना धरून आत आलं.