आटपाट कंपनीची झाडलोट

"चोर! माझ्या सर्व्हरमध्ये चोर शिरलाय!"

दादासाहेब आवटींनी टेबलावर अशी मूठ आपटली की चहाचा कप बशीत नाचला. कुकरच्या शिट्ट्या बनवणारी त्यांची कंपनी. पत्र्याच्या एका शेडमधून निघाली आणि वाढत वाढत चार गावांत पसरली. शिट्ट्यांचे नकाशे, ऑर्डरी, पगार, सगळा कारभार एका मोठ्या कम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर. आणि त्यातून हल्ली रोज काही ना काही गायब! काल तर मोठ्या शिट्टीचा नकाशाच गेला. तो पुन्हा काढून होईपर्यंत कारागीर हातावर हात धरून बसले होते.

मॅनेजर शिर्के खाली मान घालून उभे होते. चोर कोण ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? सर्व्हर सांभाळणाऱ्या आधीच्या माणसानं ती बांधायला घेतली होती. दुसऱ्याच दिवशी तो घरी बसला.

कोपऱ्यात वैजू सुतार उभी होती. शिकाऊ. ती लागली त्याच दिवशी दादासाहेबांनी बजावलं होतं, "शिकल्याशिवाय माझ्या सर्व्हरला हात लावायचा नाही!" आता हात लावल्याशिवाय शिकायचं तरी कसं? पाण्यात उतरू नको आणि पोहायला शीक, असला न्याय! पण वैजू कसली हरतेय. तिनं अडगळीतला जुना कम्प्युटर पुसूनबिसून घेतला आणि त्यावर स्वतःचीच एक खोटी कंपनी काढली. नाव ठेवलं 'आटपाट आणि मंडळी'. आधी दोन माणसं, मग दहा, मग शंभर, सगळी तिच्या मनातली. ही मनातली माणसं पासवर्ड विसरायची, एकमेकांच्या फायली चोरून बघायची, रुसून नोकरी सोडायची. त्यांची लफडी निस्तरता निस्तरता पोरगी सर्व्हर सांभाळायला शिकली.

"दादासाहेब, चोर मी पकडते," वैजू म्हणाली.

"तू? बरं, पकड! पण अट ऐक. किल्ली माझ्याकडंच राहणार!" किल्ली म्हणजे सर्व्हरची सगळी दारं उघडणारा पासवर्ड. "आणि उद्यापासून एक फाइलसुद्धा हरवता कामा नये. जमलं तर सर्व्हरची खोली तुझी. नाही तर तू आपली घरी!"

ही नोकरी वैजूला जिवापाड हवी होती. पण चेहऱ्यावर तिनं काही दिसू दिलं नाही.

"मग एक करा. आमच्या आटपाट कंपनीत तासभर मालक होऊन बसा."

"नसत्या कंपनीत बसून काय चोर सापडणार?"

"असत्या कंपनीत तरी कुठं सापडला, दादासाहेब?"

दादासाहेब मिशीतल्या मिशीत हसले आणि बसले. वैजूनं आटपाटची किल्ली त्यांना दिली, शेजारी खुर्ची ओढली आणि स्वतः चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसली.

"हे काय? एकच पगारपत्रक तीन ठिकाणी? उधळपट्टी! आमच्या आईनं घरात दुसरी पळी येऊ दिली नाही कधी!" दादासाहेबांनी खटाखट दोन पगारपत्रकं पुसली. तिसरं नीट बघायच्या घाईत तेही गेलं. "आणि हा जुना नकाशा कशाला? कुणी उघडत नाही. चल, निघ!" आपल्या सर्व्हरवरही रोज देवपूजा आटोपली की ते अशीच झाडलोट करत. दुकान झाडल्याशिवाय लक्ष्मी येत नाही, हे त्यांचं ठाम मत.

बघता बघता आटपाट कंपनी लख्ख झाली. मग हातातला कप तसाच धरून वैजू एकेक माणूस होऊन बोलायला लागली.

"मालक, मी कारखान्यातला बंडोपंत. ऑर्डर दारात उभी आहे, नकाशा कुठंय?"

"मालक, मी हिशेबातली चंपूताई. पगारपत्रक नाही, त्याची प्रतही नाही! शंभर घरांच्या चुली आज पेटायच्या कशा?"

दादासाहेब खेळात असे रंगले होते की खरोखरीच तापले. "कुठल्या गाढवानं केलं हे? आधी त्याच्या हातातली किल्ली काढा! माझा सख्खा भाऊ असला तरी!"

"हुकूम समजू, मालक?"

"हुकूम! आवटींचा शब्द आहे!"

वैजूनं कप खाली ठेवला. "कंपनीत शंभर माणसं, पण सगळी माझ्या मनातली. माझे दोन्ही हात तर कपाला होते. आता तुम्हीच सांगा, इथं खरा माणूस कोण?"

दादासाहेबांनी माउसवरच्या आपल्या हाताकडं पाहिलं. शिर्क्यांनी भीतीनं डोळेच मिटून घेतले.

"अगं, पण मी तर झाडत होतो!"

"झाडतच होता हो. पण केराबरोबर देवही गेले!"

दादासाहेबांचे डोळे चमकले. "थांब! किल्ली माझ्याकडंच राहणार, ही माझी अट. आता हुकूम पाळलास तर अट मोडते, आणि अट पाळलीस तर हुकूम! बोल आता!"

"किल्ली तुमच्या हातातून जाईल, नवी होऊन बंद पाकिटात तुमच्या तिजोरीत बसेल. हातातून गेली, हुकूम पाळला. घरातून नाही गेली, अट पाळली! अडीनडीला काढा की. रोजच्यासाठी साधा पासवर्ड देते. त्यानं सगळं दिसेल, पुसलं काही जाणार नाही. जरीचा फेटा बांधून कुणी दुकान झाडतं का?"

"आणि पूजा झाल्यावर मी झाडू काय? कपाळ?"

"आटपाट कंपनी! आजपासून ती तुमची. हवी तेवढी झाडा."

"अगं, मग तिथल्या त्या शंभर माणसांचं काय?" दादासाहेबांना आता त्या बंडोपंताची खरंच काळजी वाटायला लागली होती.

"त्यांची नका काळजी करू. त्या सगळ्यांच्या दोन-दोन प्रती मी आधीच लपवून ठेवल्यात. उद्यापासून आपल्या सर्व्हरच्याही ठेवणार आहे!"

"उधळप..." दादासाहेबांच्या तोंडून निघालं आणि तिथंच अडलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट हललं, आणि मग कुकरची वाफ सुटावी तसं हसू सुटलं. हसता हसता डोळे पुसत त्यांनी कमरेच्या जुडग्यातून सर्व्हरच्या खोलीची चावी काढली आणि वैजूच्या हातावर ठेवली.

"शिर्के, डोळे उघडा आता! आणि चहा सांगा. सगळ्या कारखान्याला, दोन-दोन कप!"

"दोन-दोन?" शिर्क्यांचा कानांवर विश्वास बसेना.

"दोन-दोन! एक सांडला तर दुसरा असू दे!"