कमळजेचे तीन ठोके

एकदा एक महाज्ञानी वृद्ध एका खाडीच्या तीरी राहत होता. तेहतीस वर्षं त्यानं माणसांना या तीरावरून त्या तीरावर नेलं आणि एकालाही बुडू दिलं नाही. तो वृद्ध मीच. आता त्यातला ‘महाज्ञानी’ खोडा, कारण शाळा मी चौथीत सोडली, आणि चौथीतही दोनदा बसलो. कुणी बुडालं नाही हेही पुरतं खरं नाही. एक बोकड बुडाला. एक नवरदेव पडला होता, पण गुडघाभर पाण्यात, आणि तो पडला की उतरून पळत होता, यावर दोन्ही गावांत अजून मतभेद आहेत. म्हणजे ‘वृद्ध’ तेवढा उरला. तो खरा आहे.

तर अशा या वृद्धाला उतारवयात एक शिष्या लाभली.

आमच्या खाडीवर पूल झाला त्याला आता बावीस वर्षं झाली. पूल झाला आणि ‘कमळजा’ लाँच, जिचा मी तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा, ती एका दिवसात निरुपयोगी झाली. तांडेलही झाला, पण त्याची नोंद कुणी घेतली नाही. इंजिन कुणीतरी काढून नेलं. मग काही वर्षं तिला दुसऱ्या होडीमागं बांधून तिच्यातून कौलं वाहिली, पुढं तीही थांबली, आणि ती धक्क्याला बांधलेली राहिली. बगळे बसायचे. शेवटी दोन्ही गावांच्या मंडळाला उपरती झाली, की ही आपली ठेव आहे, हिचं तरंगतं संग्रहालय करावं. त्यासाठी शहरातून शलाका आली. संग्रहालय कसं मांडायचं याचंच शिक्षण घेतलेली, चष्मा, वही, आणि बोलण्यात असा आदर की माझ्यासारख्याला खोडी काढल्यावाचून राहवू नये.

पहिल्याच दिवशी मी तिला गंभीरपणे सांगितलं, ‘आमच्याकडे तांडेलाला गुरुजी म्हणतात.’

आठ दिवस ती धक्क्यावर सगळ्यांसमोर ‘गुरुजी, गुरुजी’ करत फिरली. कोळणी पाट्या खाली ठेवून हसल्या. नवव्या दिवशी तिला कुणीतरी खरं सांगितलं. मला वाटलं, आता रागावेल. ती शांतपणे म्हणाली, ‘बरं गुरुजी,’ आणि तेव्हापासून आजतागायत गुरुजीच म्हणते. खोडी माझी होती, पण नाव मलाच चिकटलं. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं, की ही शिष्या साधी नाही.

तिनं वस्तू जमवल्या. तिकिटांची पेटी, कंदील, जुना नांगर, चहाची किटली. प्रत्येकीखाली सुबक अक्षरात चिठ्ठी. एका पितळी डबीखाली तिनं ‘होकायंत्राची डबी’ असं लिहिलं, कारण मी तसं सांगितलं होतं. ती आमचा इंजिन ड्रायव्हर गफूर याची तपकिरीची डबी. गफूर रोज येऊन तिच्यापुढं उभा राहायचा आणि म्हणायचा, ‘तांडेल, माझी तपकीर काचेत गेली. आता शिंकायचं तरी तिकीट काढून का?’

आणि तांडेलाच्या जागेजवळ पितळी घंटा होती. तिची दोरी सोडवून शलाकानं तीही काचेत ठेवणार म्हटलं, तेव्हा मी पहिल्यांदा नको म्हणालो. कारण विचारलं तर म्हणालो, ‘घंटेला गुदमरेल.’ तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि घंटा जागेवर राहू दिली.

पण संग्रहालय म्हणजे नक्की काय, हे कुणालाच उमगेना. सुंदराबाई, जिनं तीस वर्षं या लाँचनं पलीकडच्या बाजारात मासळी नेली, ती पहिल्या दिवशी टोपली घेऊन येऊन बसली.

‘कधी सुटणार?’

‘मावशी, ही सुटणार नाही,’ शलाका म्हणाली.

‘मग चढायचं कशाला?’

‘बघायला.’

‘काय बघायला? अर्धा जन्म हिच्यात गेला माझा. हिनं मला बघून घेतलंय.’ आणि टोपली मांडीवर घेऊन ती बसूनच राहिली, न जाणो सुटलीच तर.

ग्रामपंचायत म्हणाली, ही हलत नाही, म्हणजे हे घर. घराला नंबर हवा. बंदराच्या ऑफिसातून पत्र आलं, ही तरंगते, म्हणजे हे जहाज. जहाजाला तांडेल हवा. शलाकानं पाटी लावली, ‘वेळ सकाळी दहा ते पाच’. पण खाडीला घड्याळ कुठलं? भरतीला लाँच धक्क्याशी समपातळीत यायची, ओहोटीला इतकी खाली जायची की फळीवरून उतरणारा पाहुणा घसरतच इतिहासात प्रवेश करायचा. मग पाटी बदलली, ‘वेळ भरतीची’. भरती रोज पाऊण तास पुढं सरकते. त्यामुळं संग्रहालय रोज वेगळ्या वेळी उघडू लागलं. शहरातून आलेली माणसं धक्क्यावर उभी राहून मनगटावरच्या घड्याळाकडे आणि पाण्याकडे आळीपाळीनं बघत.

या सगळ्या गोंधळात एकच माणूस निश्चिंत होता. सदूशेठ. भंगाराचा व्यापारी. वय पंचावन्न, पोट पासष्टचं. तो रोज संध्याकाळी येऊन काठीनं लाँचच्या पत्र्यावर टकटक वाजवून बघायचा, फणस पिकला का बघतात तसा. दुष्ट नव्हता हो. शलाकाला चहाही पाजायचा. म्हणायचा, ‘बाई, तुम्ही हरलात तर मला वाईट वाटेल. पण नेईन मीच.’

हरणं कशावर ठरणार होतं, तर त्या बंदराच्या साहेबावर. त्याच्या पत्रात एकच प्रश्न तांबड्या शाईनं अधोरेखित होता. धोक्याच्या प्रसंगी लाँचवरील माणसांना एका जागेवरून दुसऱ्या जागी शिस्तीनं हलवण्याची व्यवस्था काय? उत्तर समाधानकारक नसेल तर लाँच पाण्यातून काढावी, म्हणजे सदूशेठला द्यावी. पाहणीचा दिवसही त्यात लिहिला होता.

शलाकानं व्यवस्था केली. फळ्यांवर पिवळे बाण रंगवले. बारा पाट्या लावल्या. गळ्यात शिट्टी अडकवली. मग गावच्या माणसांना बोलावून सराव घेतला. शिट्टी वाजली. सगळी माणसं उभी राहिली आणि बाण वाचू लागली. बाण वाचून झाल्यावर त्यांच्यात चर्चा सुरू झाली. सुंदराबाई म्हणाली, ‘बाण इकडं दाखवतो, पण इकडं ऊन आहे.’ निम्मी माणसं सावलीत गेली, निम्मी उतरून घरी.

त्या संध्याकाळी शिष्या गुरूपाशी आली. खरीखुरी रडकुंडीला आलेली.

‘गुरुजी, उद्या साहेब येणार. काहीतरी उपाय सांगा. थट्टा नको.’

मी दाढी कुरवाळली. दाढी नाही, पण अशा वेळी कुरवाळावी लागते. म्हणालो, ‘पाट्या उतरव. बाण पुसून टाक. शिट्टी मला दे.’

‘आणि मग काय करू?’

‘मग काही करू नकोस.’

मी चेष्टा करतोय की नाही हे तिला कळेना. मलाही पुरतं कळत नव्हतं. पण तिनं पाट्या उतरवल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. बॅग, टोपी, हातात कागद. बघायला दोन्ही गावं लोटली. चाळीसेक म्हातारे-म्हाताऱ्या लाँचवर चढल्या, कॉलेजातली दहा-बारा पोरं चढली, सदूशेठ काठीसकट चढला. सुंदराबाई टोपलीसकट आपल्या नेहमीच्या जागी. ओहोटी लागली होती. सगळे साहेबाकडे बघत असताना महाज्ञानी वृद्धानं काय केलं? नाळीचा, म्हणजे पुढचा, दोर गुपचूप सैल केला.

नाळ हळूच वळली आणि धक्क्याशेजारच्या गाळाच्या उंचवट्यावर जाऊन बसली. आणि ओहोटीचं पाणी थांबत नसतं. पुढचं अंग रुतलेलं, मागचं खाली जाणारं. लाँच कलू लागली. आणखी थोडं पाणी उतरलं असतं तर ती कुशीवर झोपली असती, साहेबासकट.

किटली घरंगळली. तपकिरीची डबी काचेसकट खाली आली. कुणीतरी किंचाळलं. साहेब ओरडला, ‘व्यवस्था कुठं आहे? व्यवस्था!’ शलाका शिट्टीसाठी गळा चाचपत होती, आणि शिट्टी माझ्या खिशात. कॉलेजातली पोरं जागच्या जागी उभी राहून मोबाइलवर सगळं टिपत होती.

मी घंटेची दोरी धरली आणि तीन ठोके दिले.

मग जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. सुंदराबाईनं एका हातानं टोपली उचलली, दुसऱ्या हातानं साहेबाचा कोपर धरला आणि म्हणाली, ‘चला, मागं.’ चाळीस माणसं एक शब्द न बोलता उठली. गठुडी उचलली, काठ्या उचलल्या, जाता जाता दोन-तीन पोरांना बखोटीला धरून ओढलं, आणि सगळी मागच्या अंगाला जाऊन दाटीवाटीनं उभी राहिली. ना धक्का, ना बोंब. कुणीतरी साहेबाची बॅगही आठवणीनं नेली.

आणि गफूर? गफूर खाली धावला, इंजिनाच्या खोलीत. तिथं इंजिन नाही. नुसती चौकोनी रिकामी जागा आणि तेलाचा डाग. गफूर त्या रिकाम्या जागेपुढं उभा राहिला आणि त्यानं नसलेला दांडा ताकदीनं मागं ओढला.

मागं वजन आलं तशी नाळ उचलली. चार गड्यांनी मागचा दोर खेचला. कमळजा गाळावरून सुटली आणि पाण्यावर सरळ झाली. इतकी वर्षं बांधलेली लाँच चार हात मागं आली. गफूर आजही सांगतो, ती त्याच्या इंजिनानं आली.

सदूशेठ सगळ्यांच्या मधोमध उभा होता, काठी पोटाशी धरून, आणि स्वतःच्या पायांकडे बघत होता. ‘मी इथं कसा आलो?’ त्यानं विचारलं. कुणी हसलं नाही. तो सहावीत असताना याच लाँचनं पलीकडच्या शाळेत जायचा. थोड्या वेळानं तो खाली उतरला आणि घरी गेला. त्या दिवशी त्यानं पत्रा वाजवला नाही.

साहेब घाम पुसत म्हणाला, ‘हे काय होतं?’

तेव्हा वृद्धानं आपलं छोटं प्रवचन केलं. ‘साहेब, घंटेचा एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे पुढं, तीन म्हणजे मागं. हे ठोके माणसांसाठी नव्हतेच, खाली बसलेल्या ड्रायव्हरसाठी होते. पण तीन ठोके पडले की लाँच रुतली, आणि लाँच रुतली की आपण मागं गेलं तर नाळ उचलते, हे या माणसांच्या अंगात आपोआप मुरलं. तुम्ही व्यवस्था विचारलीत. ही व्यवस्था. ती भिंतीवर सापडली नाही, कारण ती भिंतीवर कधी नव्हतीच.’

साहेबाला हे कितपत समजलं कोण जाणे. कागदावर काय लिहावं हे त्याला बराच वेळ सुचेना. शेवटी त्यानं लिहिलं, ‘व्यवस्था समाधानकारक.’ मग रुतलेली नाळ आठवून खाली आणखी एक ओळ लिहिली. लाँच चार दोरांनी पक्की बांधावी आणि यापुढं धक्क्यापासून कधीही सोडू नये.

लाँच वाचली. ढोल वाजले. गफूरला त्याच्या डबीतली काच वेचून तपकीर परत मिळाली.

माणसं पांगल्यावर शलाका माझ्याजवळ आली. तिला दोराचं कळलं होतं. गाठ बघितली होती तिनं.

‘तुम्ही मुद्दाम सोडलात.’

‘दोन हात सोडणार होतो,’ मी म्हणालो. ‘सुटला चार हात. म्हातारपण.’

‘आणि लाँच झोपली असती तर?’

‘तर सदूशेठला चहा पाजायला लावला असता.’

ती हसली नाही. मी म्हटलं, आता हिला सार सांगावं, गुरूचं कर्तव्य आहे. घसा खाकरून म्हणालो, ‘बाळ, ध्यानात ठेव. जपायची असते ती घंटा नव्हे. घंटा ऐकून उठणारे पाय.’ वाक्य मलाच इतकं आवडलं की मी ते पुन्हा एकदा म्हणालो.

तिनं त्या चार दोरांकडे बघितलं. गड्यांनी नुकतेच बांधलेले, दुहेरी गाठीचे, नवेकोरे.

‘गुरुजी, त्या माणसांना हे तुम्ही शिकवलंत?’

‘मी नाही.’

‘मग कुणी?’

‘कुणीच नाही. रोज बसून शिकली.’

शलाकानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पुलावर मोटारसायकली लावून आपलीच चित्रफीत बघत हसणाऱ्या त्या कॉलेजातल्या पोरांकडे बोट दाखवलं.

‘मग आता, गुरुजी, त्यांनी रोज कशात बसायचं?’