मोकळी कवठे

एका नदीकाठच्या रानात एक करकोचा आणि एक घार शेजारशेजारच्या झाडांवर राहत असत. त्या वर्षी नदीला मोठा पूर आला आणि वानरांचा एक कळप मधल्या बेटावर अडकला. बेटावरचा पाला संपला, पिल्ले भुकेने रडू लागली. तेव्हापासून करकोचा रोज सकाळी पाठीवर टोपली बांधून त्यांना कवठे पोचवी. त्याचे नाव रानभर झाले, आणि मुलांनो, तिथूनच घारीच्या पोटात दुखायला लागले.

"माझ्याइतकं उंच कोण उडतं? आणि कौतुक मात्र या लंबूटांग्याचं!" असे ती दिवसभर धुसफुसे. हरणे त्याला 'दादा' म्हणत, तेही तिला खुपे. त्यातून करकोच्याची रीत अशी, की निघण्याआधी सुगरण पक्षीण गवताच्या वेण्या घालून टोपलीतले एकेक कवठ जखडून टाकी. मग टोपली हलवून विचारी, "हलतंय का?" करकोचा कान देऊन ऐके आणि "नाही" म्हणाला, तरच पंख उघडी. घार फांदीवरून नाक मुरडी. "चार कवठं न्यायची, तर केवढा हा थाट!" मत्सराने तिला त्यात थाटच दिसे, काम दिसत नसे.

एके दिवशी करकोचा यायच्या आधीच घारीने टोपली गाठली. काठोकाठ कवठे भरली, पट्टा पोटाखालून आवळला आणि ती निघाली.

"घारताई, थांबा! कवठं अजून मोकळी आहेत," सुगरण ओरडली.

"बांधाबांध दुबळ्यांना लागते! आज बघ, मी त्याच्या दुप्पट नेते की नाही," घार म्हणाली.

खाली हरणे माना वर करून पाहू लागली, तशी तिला आणखी घमेंड चढली. सगळ्यांना दिसावे म्हणून ती एकदम सरळ वर झेपावली. त्याबरोबर सगळी कवठे गडगडत टोपलीच्या मागच्या टोकाला गेली. शेपटी खाली ओढली गेली, चोच आभाळाकडे झाली. तिने जिवाच्या आकांताने पंख मारले, पण पंखांना वारा सापडेना. ती गरगरत काठच्या लव्हाळ्यात कोसळली. बेटावर पिल्ले हात पुढे करून उभी होती. त्यांच्या डोळ्यांदेखत कवठे धारेला लागली. नवी कवठे गोळा व्हायला दिवस जाणार होता.

तेवढ्यात आलेल्या करकोच्याने घारीला चिखलातून ओढून काढले. तिचा पंख मोडला होता. आता हा आपल्याला टाकून बोलणार, असे तिला वाटले, पण तो एवढेच म्हणाला, "फार दुखतंय का गं?" सुगरणीने पंखाला काटकी लावली, तीच गवताची वेणी आवळली आणि हळूच हलवून विचारले, "हलतंय का?"

घारीची मान खाली गेली. "नाही," ती म्हणाली. "दादा, मी रोज तुझं कौतुक ऐकून जळत राहिले. ही गाठ एकदाही नीट बघितली नाही रे."

बेटावरून पिल्लांचे रडणे ऐकू येत होते. त्या दिवशी ती पिल्ले उपाशीच झोपली.

तात्पर्य : दुसऱ्याच्या कौतुकावर जळणाऱ्याला त्यामागची काळजी दिसत नाही, आणि न बांधलेले ओझे नेणाऱ्याला तर पाडतेच, वाट पाहणाऱ्यालाही उपाशी ठेवते.