मिटल्या तोंडाचे बाओ

“मग माझ्या हातात कमी काय आहे, ते तरी सांगा बाबा!”

हरेश्वर तांडेलनं हे भर गिऱ्हाइकांत विचारलं. विचारलं कसलं, जाबच मागितला.

लियूबाबांनी शेगडीची आच थोडी कमी केली. बांबूच्या करंडीवरचं झाकण नीट बसवलं...



त्यांची गाडी गोदीच्या फाटकासमोर होती. पणजोबा कधीतरी चीनहून जहाजानं आले. बाबांचा स्वतःचा जन्म माझगावचा आणि मराठीही माझगावचीच. गाडीवर दोनच जिन्नस. पातळ पारीचे डिमसम, आणि बाओ, म्हणजे आत खिम्याचं नाहीतर कोबीचं सारण भरून वाफवलेला मैद्याचा लुसलुशीत गोळा. गोदीतल्या माणसाला रोज परवडावं असं खाणं. दोन बाओ पोटात गेले की दुपारपर्यंत ओझी उचलायला माणूस मोकळा.

बाबांचे हात आताशा कापायचे. आठवडा संपला की ते पुण्याला मुलीकडे जाणार होते, कायमचे. जाताना गाडी हरेश्वरच्या हवाली करायची की शेगडी विझवून टाकायची, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

या गाडीपायी हरेश्वरनं गोदीतली क्रेनवरची कायमची नोकरी सोडली होती आणि तो बाबांच्या हाताखाली शिकत होता. कोळीवाड्यात सगळे त्याला ‘काय शेफसाहेब’ म्हणून डिवचत. गाडी मिळाली नाही, तर घरी कुठल्या तोंडानं जायचं हा प्रश्नच होता.

“बाबा, मी विचारतोय.”

“ऐकतोय मी.”

“तुमचा बाओ बघा. चार कळ्या, त्याही वाकड्यातिकड्या. आणि हा माझा बघा. कळी न् कळी सारखी! वरचं टोक कसं नाजूक आलंय. मोदक करणाऱ्या घरातला आहे मी. लोक फोटो काढतात याचे.”

खोटं नव्हतं ते. हरेश्वरचा बाओ इतका देखणा असायचा की चावायला जीव होऊ नये. बाबांच्या बाओचं तोंड वरून उघडंच राहायचं. त्यातून सारणाचा रस ओघळायचा आणि पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग पडायचा. शेजारी शेजारी ठेवले तर कुणीही हरेश्वरचाच उचलला असता.

“छान आहे तुझा,” बाबा म्हणाले. “म्हणून तर अडलंय.”

“छान आहे म्हणून?”

“हं...”

हरेश्वरचा पारा चढला.

“असं कोड्यात बोलू नका. काय ते तोंडावर सांगा. आज ऐकल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

“नको हलू,” बाबा म्हणाले आणि बाकाकडे गेले.

बाकावर बाबू घाडी खाणं आटोपून उठत होता. जुना हमाल, रोजचं गिऱ्हाईक. आजही त्याला हरेश्वरच्या हातचे बाओ मिळाले होते. बाबांनी त्याची ताटली उचलली. मग शेजारच्याची. मग त्याच्या शेजारच्याची. प्रत्येक ताटलीतलं काहीतरी त्यांनी एका वाडग्यात झटकलं आणि वाडगा हरेश्वरपुढे आणून ठेवला.

“हे काय?”

“तुझंच आहे. ओळखत नाहीस?”

टोकं होती ती. बोटांनी खुडून ताटलीच्या कडेला ठेवलेली. सगळ्यांनी, न ठरवता, तेवढीच ठेवलेली.

हरेश्वरनं घाडीकडे पाहिलं. “काका, तुम्हीसुद्धा टाकलंत?”

घाडी ओशाळला. “दिसाक बरो आसा रे तुझो. पन टोक गिळूक होणा नाय.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“तू इतक्या हौसेन करतस...” घाडीनं टोपी सारखी केली आणि फाटकाकडे सटकला.

“खा,” बाबा म्हणाले.

“हे? लोकांचं उष्टं?”

बाबांनी वाडगा आणखी पुढे सरकवला.

हरेश्वरनं एक टोक उचललं. तोंडात टाकलं. पीठ दाताला चिकटलं. आत कच्चंच होतं. एवढ्या कळ्या एका जागी पिळून बंद केल्यावर तिथवर वाफ पोचणार तरी कुठून?

त्यानं दुसरं उचललं. मग तिसरं. बाबा आता ‘पुरे’ म्हणतील असं त्याला वाटलं. ते काही म्हणाले नाहीत. त्यानंही वाडगा खाली ठेवला नाही. हट्टी माणूस, आणि हट्टी माणसाचा राग येतो तशी मायाही वाटते. त्यानं वाडगा रिकामा केला.

“कळलं,” तो म्हणाला. “माणूस इथं पोट भरायला येतो. आणि त्यातला घास मी त्याला टाकायला लावतो.”

त्यानं रिकामा वाडगा विसळून ठेवला.

“उद्या उघड्या तोंडाचे करतो.”

“नाही जमायचं.”

“का नाही जमायचं?”

“तू ऐकशील. हात नाही ऐकायचे.”

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी हात ऐकेनात. घरी एखाद्या मोदकाचं तोंड उघडं राहिलं की आई तो कुणाच्या पानात वाढत नसे, चुलीमागे सरकवून ठेवी. फजितीच ती. ते लहानपणापासून बोटांत मुरलेलं. बोटं कळ्या घालत वर सरकायची आणि टोक आपसूक मिटायचं.

त्यानं बाओ मोडला. पुन्हा पारी लाटली. सारण भरलं. पुन्हा मिटला.

पुन्हा मोडला.

हमाल येऊन बसले. करंडीवर वाफ नव्हती. “काय रे, आज उपाशी धाडतोस की काय?” कुणीतरी ओरडलं.

“सरक,” बाबा म्हणाले. “आजच्यापुरते मी करतो.”

“नाही. पिठाला हात लावू नका तुम्ही!”

लियूबाबांशी या आवाजात आजवर कुणी बोललं नव्हतं. त्यांनी हरेश्वरकडे पाहिलं... आणि ते बाजूला झाले.

हरेश्वरला घाम फुटला होता. त्यानं पुढचा बाओ भरला. बोटं मिटायला निघाली तशी त्यानं मधे करंगळी घातली आणि तशीच धरून ठेवली. कळ्या वेड्यावाकड्या पडल्या, पण तोंड उघडं राहिलं. मग दुसरा. मग तिसरा.

करंडी चढली. वाफ आली. झाकण निघालं.

काय ते रूप! एक बाओ कलंडलेला, एकाचं तोंड नको तेवढं वासलेलं, रस ओघळून खालच्या फडक्यापर्यंत गेलेला. फोटो काढायला आलेल्या एका मुलीनं फोन गुपचूप पर्समध्ये ठेवला. हरेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी त्यानं दोन बाओ ताटलीत घातले, घाडीपुढे ठेवले आणि तिथंच उभा राहिला.

घाडी खाऊ लागला.

‘वा’ म्हणाला नाही. वर पाहिलं नाही. शेजारचा काही विचारत होता, त्यालाही उत्तर दिलं नाही. दोन्ही बाओ संपले तेव्हा ताटलीत सांडलेला रस त्यानं बोटानं पुसून घेतला. पाणी प्याला. भोंगा झाला तसा टोपी चढवली आणि फाटकातून आत गेला.

हरेश्वरनं ताटली उचलली. ती रिकामी होती.

“बाबा...” त्याचा जीव टांगणीला लागला होता. “काका काही बोललेच नाहीत.”

लियूबाबांनी कमरेचं फडकं सोडलं. घडी घातली आणि हरेश्वरच्या खांद्यावर ठेवलं. मग गाडीला वळसा घालून ते पुढच्या बाजूला आले, घाडी उठला होता त्या जागेवर बसले आणि कापरे हात मांडीवर ठेवले...

“मलाही दे दोन,” ते म्हणाले. “भूक लागलीय.”