रानमांजरीने वाळवलेली होडी

खाडीला लागून असलेल्या एका जंगलात एक रानमांजरी आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. पाण्याची तिला भारी धास्ती आणि मासा तर रोज हवा, म्हणून तिने एक लहानशी लाकडी होडी ठेवली होती. पिल्लांचे दूध नुकतेच सुटले होते. होडी चालली तरच दोघांच्या पोटात काही पडायचे, आणि ही गोष्ट ती एक क्षणही विसरत नसे. मुलांनो, ती आळशी नव्हती की मूर्खही नव्हती. फक्त फार विचार करायची.

एकदा इतका मुसळधार पाऊस झाला की काठावर ओढून ठेवलेली होडी पावसाच्या पाण्याने गच्च भरली. पाऊस उघडल्यावर रानमांजरीने करवंटीने पाणी उपसले आणि शेजारच्या म्हाताऱ्या कासवाच्या मदतीने होडी उंडीच्या झाडाखाली ओंडक्यांवर पालथी घातली. त्या काठाची रीतच तशी होती. होडी सावलीत निथळू द्यायची, फळ्यांना वारा लागला की तेल चोळायचे आणि लगेच खाडीत लोटायची. फळ्यांना थोडा वारा लागल्यावर कासवाने फळ्यांवर डोके आपटून पाहिले आणि होडी तयार असल्याचे सांगितले.

रानमांजरीने फळीला नाक लावले. तिला ओल लागली.

"अजून दमट आहे, आजोबा. लाकूड कुजलं आणि भर खाडीत फळी फुटली तर? ही दोघं माझ्याबरोबर असतात."

कासव म्हणाले की लाकडात थोडी ओल हवीच, तिच्यामुळेच फळ्या एकमेकींना घट्ट धरून राहतात. रानमांजरीने मान डोलावली, आणि ते पाठमोरे होताच होडी ओढत ओढत उन्हात नेली.

पावसानंतरचे ऊन कडकडीत होते. फळ्या वाळल्या, पांढुरक्या पडल्या, तरी तिचे समाधान होईना. ती सकाळी हुंगायची, दुपारी हुंगायची, आणि कुठेतरी ओल असेलच असे म्हणून आणखी एक दिवस थांबायची. पिल्लांना ती टोळ पकडून देई. त्यांना ते पुरत नसत. बगळा चिखलातून जाता जाता म्हणाला, "काय गं, होडी वाळवतेस की पापड?"

"तुला काय, एका पायावर उभं राहिलं की पोट भरतं," ती म्हणाली. "माझ्या पदरात दोन जीव आहेत."

मग एका सकाळी धाकटे पिल्लू खेळायला उठलेच नाही. तेव्हा कुठे तिने घाईघाईने होडी लोटली. पिल्लांना कोणाजवळ ठेवणार, म्हणून त्यांनाही आत बसवले. होडी खाडीच्या मध्यावर आली आणि तळातून पाणी वर येऊ लागले. उन्हाने फळ्या आकसल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये फटी पडल्या होत्या. इतके दिवस ती ओल शोधत होती, फट तिने शोधलीच नव्हती. ती एका हाताने पाणी उपसू लागली, दुसऱ्या हाताने वल्हे मारू लागली. पिल्लांच्या पोटापर्यंत पाणी चढले. कासवाने काठावरून ते पाहिले, पाण्यात शिरून होडीच्या मागल्या टोकाला पाठ लावली आणि ढकलत ढकलत तिला उथळ पाण्यात आणले.

रानमांजरीने भिजलेल्या पिल्लांना चाटून कोरडे केले. मग ती म्हणाली, "मी काळजीच घेत होते, आजोबा."

"घेत होतीस, पोरी. पण होडीला काय हवं, ते तू पाहिलंच नाहीस."

आता होडी तशीच पाण्यात बुडवून ठेवायची, असे त्याने सांगितले. आत दगड ठेवायचे, दोरीने बांधायची. लाकूड पाणी पिऊन फुगेल आणि फटी आपोआप मिटतील. आपल्याच हाताने होडी बुडवायची, हे ऐकून तिच्या अंगावर काटा आला. तरी तिने एकेक दगड आत ठेवला. होडी पाण्याखाली गेली तेव्हा पिल्ले आईला बिलगून बसली होती, आणि तिने नजर वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिने दगड काढले आणि पाणी उपसले. उपसलेली होडी कोरडी राहिली. फळ्या पुन्हा एक झाल्या होत्या. दुपारपर्यंत ती मासे घेऊन परतली. धाकट्याने आपला मासा शेपटीसकट संपवला आणि थोरल्याच्या वाट्यावर डोळा ठेवला. रानमांजरी सर्वांत शेवटी खायला बसली. दर घासाला ती होडीकडे बघत होती. स्वभाव काही एका दिवसात जात नाही. पण होडी पाण्यावर डुलत होती, आणि तिने ती काठावर ओढली नाही.

तात्पर्य : काळजी घ्यावी ती समोरच्याची गरज ओळखून; आपल्या मनातली भीती शमेपर्यंत घेतलेली काळजी जपायच्या गोष्टीचाच घात करते.