व्हय कोणी म्हणायचं

“पाकळी उजवी पडली म्हणजे पोरगी डॉक्टर होणार, हे नक्की ना?”

“आदी माका गाऱ्हाणा तरी घालूक देवा,” बाबल गुरव म्हणाला.

धुरीशेठना दम निघत नव्हता. कुडाळात त्यांचं औषधांचं दुकान. खाली दुकान, वर दवाखाना बांधून तयार, आणि दवाखान्यावर रंगवलेली पाटीसुद्धा: डॉ. शर्वाणी श्रीधर धुरी. आता ही डॉक्टर कोण, तर त्यांची एकुलती एक मुलगी, इयत्ता नववी. बाजारात तुरी म्हणतात, त्यातली गत.

आणि ही डॉक्टरीण सहामाहीला गणितात नापास झाली होती. विज्ञानात काठावर. आठवीपर्यंत पहिल्या तिघांत असणारी पोर. त्या दिवसापासून धुरीशेठ तिच्याशी बोलत नव्हते. भात हवाय का, हेसुद्धा तिच्या आईकरवी विचारायचे. पोर आतून तुटत चालली होती, पण ते गुणपत्रिकेत कुठे लिहीत नाहीत.

आता तिची बॅग गाडीत होती. देवाचा कौल घ्यायचा आणि इथूनच थेट कोल्हापूरला, क्लासच्या होस्टेलवर सोडायचं, असं ठरलं होतं. म्हणजे त्यांनी ठरवलं होतं.

“माझा तसा ह्यावर विश्वास नाही,” धुरीशेठ म्हणाले. “पण घरच्यांच्या समाधानासाठी.”

“बरा,” गुरव म्हणाला.

सड्यावरचं, उघड्या कातळमाळावरचं देऊळ. भरदुपार. आसपास माणूस नाही. ऐंशीच्या घरातल्या बाबल गुरवाने पाण्यात भिजवून दोन पाकळ्या पाषाणाच्या देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. याहून जास्त तो देव बोलत नाही. आणि रीत अशी, की गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि ज्याचं काम असेल त्याने दर मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.

“व्हय कोण म्हणतला?”

“मी म्हणतो.”

“डॉक्टर तुमी होतलास?”

धुरीशेठ कसनुसे हसले. मग महिन्याभरात पहिल्यांदा पोरीकडे बघून बोलले. “शर्वाणी, तू म्हण.”

शर्वाणीने मान खाली घातली.

“म्हण म्हटलं ना?”

गुरवाने डोळे मिटले. “बा देवा म्हाराजा... ह्या लेकराच्या वाटेर जी काय इडापिडा आसात, ती दूर कर रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

खणखणीत आवाज. धुरीशेठना बरं वाटलं. असा आवाज पोरीने कित्येक दिवसांत काढला नव्हता.

“धुरींची पोर डॉक्टर होवंदे रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

त्यांनी कौतुकाने शेजारी पाहिलं. शर्वाणीचे ओठ घट्ट मिटलेले होते. ती खाली फरशीकडे बघत होती.

आवाज मागून आला होता.

धुरीशेठ वळले. सभामंडपात कोणीही नव्हतं. खांब, खांबाला टांगलेला ढोल, आणि दारातून आत आलेलं ऊन. बाहेर सड्यावर गवताचं पातं हलत नव्हतं.

उजवी पाकळी पडली.

“पडली,” ते म्हणाले.

दुसरा कोणी असता तर पोरीचा हात धरून चालू लागला असता. पण हवं ते उत्तर मिळालं की माणूस भुतालाही पाट मांडतो. धुरीशेठ कपाळ पुसून पुढे सरकले.

“दहावीला नव्वदच्या वर पडतील का, विचारा.”

गुरवाने नवी पाकळी लावली. विचारलं.

“व्हय म्हाराजा,” मागून आलं. आवाज शर्वाणीचाच. जरा जवळून.

उजवी पडली.

“मेडिकलला नंबर? सरकारी कॉलेजात?”

“व्हय म्हाराजा.”

या वेळी श्वास मानेला लागला. औषधाच्या दुकानाला असतो तसा वास आला. धुरीशेठ वळले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांची छातीच झाली नाही.

उजवी पडली.

“कोण... कोण म्हणतंय हे?”

“ती,” शर्वाणी म्हणाली.

“ती कोण?”

“पाटीवरची.”

गुरव हातातली पाकळी पाण्यात बुडवत राहिला.

“वर दवाखान्यात असते,” शर्वाणी सांगू लागली, शांतपणे, शाळेतली मैत्रीण असावी तसं. “दुपारी मी अभ्यासाला जाते ना, तेव्हा येते. तिला सगळं येतं. मला नाही येत, बाबा. मी खूप केलं, पण नाही येत.”

“काय अभद्र बोलतेस...”

“तुम्हाला तीच आवडते. मला माहितीये.”

धुरीशेठचा हात वर गेला. आणि वरच राहिला. पोर घाबरलीसुद्धा नाही, याचीच त्यांना भीती वाटली.

गुरवाने कोणी न सांगता दोन्ही खांद्यांवर पाकळ्या लावल्या.

“बा देवा म्हाराजा... ही जी पोर हय उबी आसा, ही बापाच्या घरात ऱ्हवतली काय रे म्हाराजा...”

मागून कोणी व्हय म्हटलं नाही. पुढूनही नाही.

पाकळी पडली नाही. उजवी नाही, डावी नाही.

ते थांबले. पाकळ्यांवरचं पाणी सुकलं. सुकलेली पाकळी खरं म्हणजे आपोआप गळते. ह्या मात्र दगडाला घट्ट धरून राहिल्या.

“ह्याचा अर्थ काय?”

“देव वाट बघता.”

“कोणाची?”

गुरवाने हातानेच त्यांच्याकडे खूण केली.

शर्वाणी कधी बाहेर गेली ते कळलं नाही. बाहेरून गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

मग दुसरं दार लागलं.

धुरीशेठ मटकन खाली बसले. देवासमोर नव्हे, गुरवासमोर.

“आजोबा... गाडीत दोघी बसल्यात?”

“तुमीच घेवन इलास.”

“नाही हो... मी एकीलाच...”

“कौल मिळालो. सगळे उजवे. आता जावा कोल्हापूराक.”

“नको तो कौल,” धुरीशेठ म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडू लागले. “नापास तर नापास. महिनाभर मी तिला एक शब्द... मला माझी पोर द्या.”

तांब्यातलं उरलेलं पाणी गुरवाने देवाच्या पायावर ओतलं.

धुरीशेठ उठले. दारापर्यंत गेले. उन्हात गाडी उभी होती, काचांवर ऊन चमकत होतं, आतलं काही दिसत नव्हतं. ते उंबऱ्यावरच थबकले.

“आजोबा, तोंड एकच असणार. आवाजही एक. माझी कुठली, ते कसं ओळखू?”

“दोघींक इचारा, कोल्हापूराक जावया काय,” बाबल गुरव म्हणाला. “जी व्हय म्हणूची नाय, ती तुमची.”